इरमचा कान

उल्म, जर्मनी
८ सप्टेंबर २०२४

आदरणीय बद्रीनाथ गुरुजी,

आदाब. मी इरम. भोकरदनच्या गादीवाल्या नजीरभाईंची मुलगी, आठवी ब. तुमच्या हाताखालून इतकी मुलं गेली की आठवत नसेल तर मला वाईट वाटणार नाही. खूण सांगते. २००४ साली शाळेचा रौप्यमहोत्सव झाला, तेव्हा शारदास्तवनाच्या गटातून शेवटच्या आठवड्यात जिला काढावं लागलं, ती मी. आवाज होता, पण कान नव्हता.

तुमचा पत्ता अब्बांनी दिला. फोन नंबरही देत होते, पण तुमच्याशी फोनवर बोलायची अजून भीती वाटते. वाटतं, तुम्ही म्हणाल, "हं, सा लाव."

मी नर्स आहे. दोन वर्षं झाली इथल्या एका वृद्धाश्रमात काम करते. मिस्टर आणि सहा वर्षांची मैमूना अजून भोकरदनलाच आहेत, कागदपत्रं झाली की येतील. माझ्याकडे फ्राऊ केलर नावाच्या एक आजी आहेत. वय शहाऐंशी, डोळे गेलेले. रोज दुपारी साडेतीनला त्या रेडिओपाशी बसतात आणि मला शेजारी बसवतात. त्यांना एकोणिसाव्या शतकातलं संगीत आवडतं. त्याला इथे रोमँटिक म्हणतात. मला वाटलं प्रेमाची गाणी असतील, पण गाणं नसतंच बऱ्याचदा. साठ-सत्तर वाद्यं एकदम. संपलं की त्या विचारतात, "काय ऐकलंस?" मी रोज सांगते की मला कान नाही. त्या रोज पुन्हा विचारतात.

गुरुजी, खरं सांगते, मला ते ऐकताना काहीतरी होतं. पण चाल कुठली, साथ कुठली, काय कशाच्या मागे चाललंय, काही वेगळं काढता येत नाही. कान नसलेल्या माणसाला हे ऐकायला शिकता येतं का? सुरुवात कुठून करायची? संगीत कळणारं माणूस म्हणून मला तुम्हीच माहीत आहात.

आपली विद्यार्थिनी,
इरम


भोकरदन
४ ऑक्टोबर २०२४

चि. इरमला आशीर्वाद.

पत्र मिळालं. परदेशी तिकीट पाहून सौ. नंदाबाईंनी विचारलं, कुणाचं? मी म्हटलं, जुन्या विद्यार्थिनीचं. तू आठवतेस.

पाश्चात्त्य संगीताचा माझा अभ्यास नाही. शाळेत एकतीस वर्षं पेटीवर प्रार्थना आणि स्वागतगीतं शिकवली, एवढीच माझी विद्या. तरी विचारलंस म्हणून लिहितो.

कान कमी असला तरी ऐकण्याचा आनंद घेता येतो. ज्याला सूर धरता येत नाही, त्यालाही लय कळते. तेव्हा तू लयीपासून सुरुवात कर. सगळं एकदम ऐकायला जाऊ नकोस. बाजाराच्या दिवशी चौकात उभं राहून सगळ्यांचं बोलणं ऐकू गेलं तर एकाचंही कळत नाही. हात गुडघ्यावर ठेव आणि जड ठोका कुठे पडतो ते बघ. जड ठोक्यानंतर एक हलका येतो की दोन? दोन येत असतील तर तीनची लय. ती सापडली की मग एक वाद्य निवड. त्या दुपारी फक्त त्याच्याच मागे जायचं, बाकीची वाजू देत.

समजलं पाहिजे असा हट्ट नको. एवढं पुरे आहे.

तुझे वडील भेटतात कधी कधी रस्त्यात. नमस्कार होतो.

बद्रीनाथ तळेकर


उल्म
२७ ऑक्टोबर २०२४

आदरणीय गुरुजी,

तुमचं पत्र मी एप्रनच्या खिशात ठेवलंय. घड्यांवर फाटायला आलं.

लय सापडली! तीनची होती. पण एक अडचण आहे. मधेच ती ओढली जाते. दोन ठोके बरोबर पडतात आणि तिसऱ्याला कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं होतं, मग तो उशिरा येतो आणि पुढचे भराभर पळून भरपाई करतात. आधी वाटलं माझंच चुकतंय. चार दिवस मोजलं, दर वेळी तसंच. हे असं असतं का?

मग एक वाद्य निवडलं. हॉर्न म्हणतात त्याला, पितळेचं, गुंडाळलेलं. व्हायोलिनवाल्यांनी सुरुवातीला एक चाल म्हटली होती. हॉर्न बराच वेळ गप्प होता. मग सगळे थांबले आणि त्यानं एकट्यानं तीच चाल म्हटली, लांबून, शेताच्या पलीकडून हाक मारावी तशी. पण चाल तीच असून तीच नव्हती. तिच्यातला तिसरा सूर किंचित खाली बसला होता. बाकी सगळे जागच्या जागी. एवढ्याशा फरकानं सगळ्या चालीचं तोंड उतरलं. निदान मला तसं वाटलं. मला कळत नाही ना, त्यामुळे चूकच असेल, हसू नका.

फ्राऊ केलरना सांगितलं तर त्यांनी माझा हात घट्ट धरला. "पुन्हा सांग," म्हणाल्या. पुन्हा सांगितलं. मग विचारलं, "तुला कान नाही असं कोण म्हणालं?" मी तुमचं नाव सांगितलं. "मग तुझे गुरुजी चुकले." मी म्हणाले, "आमचे गुरुजी सुराच्या बाबतीत चुकत नाहीत." थोडं जोरातच म्हणाले. माझं चुकलं का?

इरम


भोकरदन
१८ नोव्हेंबर २०२४

चि. इरम,

बसस्टँडजवळच्या दुकानातून इयरफोन आणले आणि मोबाईलवर असलं संगीत ऐकायला बसलो. पहिले तीन दिवस नुसता गोंगाट. नंदाबाईंना म्हटलं, "सगळे एकदम बोलून राह्यले, कुणाचं ऐकावं?" त्या म्हणाल्या, "मंग त्या पोरीला काय सांगितलं तुम्ही? एकाच्या मागं जा म्हणून." मीच माझं पत्र विसरलो होतो.

लय ओढली जाते ते बरोबर आहे. ते मुद्दाम करतात. आपल्याकडे कीर्तनकार एखाद्या शब्दावर थबकतो, लोकांचा श्वास अडकतो, मग तो पुढे जातो. तसंच काहीसं. मला वाटतं, त्या काळच्या लोकांना मोजून आखलेली चौकट पुरेनाशी झाली असावी. मनात जे दाटलं ते वेळेत बसेना, म्हणून वेळच ताणली. हा आपला माझा अंदाज.

आता तिसऱ्या सुराचं. मी पेटी काढली. सा, ग आणि प एकदम दाबले. आपण सूर एकामागून एक म्हणतो, हे लोक एकावर एक रचतात आणि त्या रचलेल्या सुरांवर चाल उभी करतात. तू ज्याला साथ म्हणतेस ती बहुतेक हीच. मग ग सोडून कोमल ग दाबला. बाकी दोन जागच्या जागी. घरातला उजेड कमी झाल्यासारखं वाटलं. तू ऐकलंस ते हेच. तुझं बरोबर आहे.

पुढे दोन गोष्टी बघ. एकच सूर व्हायोलिनचा आणि हॉर्नचा, दोघांचा रंग वेगळा. चाल कुणाच्या तोंडी दिली आहे याला अर्थ असतो. आणि भजनात ध्रुवपद परत परत येतं, तशी यांची चाल परत येते, पण प्रवास करून आलेल्या माणसासारखी बदलून येते. ती परत आली की ओळखायची आणि तिच्यात काय बदललं ते शोधायचं.

वयानं कान सुधारतो कधी कधी. तुझ्या बाबतीत तसं झालं असावं.

बद्रीनाथ


उल्म
१२ डिसेंबर २०२४

आदरणीय गुरुजी,

"वयानं कान सुधारतो." हे वाक्य वाचून मी कपड्यांच्या खोलीत जाऊन रडले. आनंदानं.

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. मैमूना झाली तेव्हा अम्मी म्हणायची, "काही तरी गुणगुण गं, लेकरू झोपंल." मी कधीच गुणगुणले नाही. वाटायचं, माझं बेसूर ऐकून ऐकून हिचाही कान बिघडेल, मग हिलाही कुणीतरी रांगेतून बाहेर काढेल. मोबाईलवर अंगाई लावायची आणि तो उशाशी ठेवून द्यायची. ती तीन वर्षांची असताना एकदा म्हणाली, "अम्मी, तू म्हण." मी म्हटलं, मला येत नाही. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. आठवीनंतर मी एकटी असतानाही गायलेली नाही, गुरुजी. नमाजच्या दुआ मनातच म्हणते.

आता तुम्ही म्हणता सुधारतो. तर विचारायचं होतं, किती सुधारतो? फोनवर तिला एखादं छोटंसं काही म्हणून दाखवलं तर चालेल का? तुम्ही हो म्हणालात तरच म्हणेन. घाई नाही.

इथे बर्फ पडलाय. फ्राऊ केलर म्हणतात, ठोका मोजायला मी आता त्यांच्यापेक्षा हुशार झाले.

तुमची,
इरम


भोकरदन
२ फेब्रुवारी २०२५

इरम,

तुझ्या पत्राला तीन वेळा उत्तर लिहिलं आणि तीनही वेळा फाडलं. हे चौथं. हे फाडायच्या आत टाकतो.

तुझा कान सुधारलेला नाही. तो कधी बिघडलेलाच नव्हता.

तालमी ग्रंथालयाच्या खोलीत चालायच्या. पहिली ओळ तू एकटी म्हणायचीस, मग बाकीच्या एकवीस मुली. पेटी वाजायच्या आधी तुझा सा लागलेला असायचा. एकतीस वर्षांत तसं दुसरं लेकरू माझ्याकडे आलं नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

कार्यक्रमाच्या आठवड्यात, मंगळवारी, संस्थेचे अध्यक्ष तालीम बघायला आले. दारातच उभे राहिले. मला व्हरांड्यात बोलावून विचारलं, "पहिली ओळ म्हणून राह्यली ती कुणाची?" मी सांगितलं. ते म्हणाले, "गुरुजी, शारदेचं स्तवन आहे. बाहेरून पाहुणे येणार. तिच्या तोंडी कशाला? दुसरी बघा." मी म्हणालो, "बराबर आहे साहेब." पोरीचा सूर चांगला आहे, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. माझी नोकरी तेव्हा कायम झालेली होती. मला कुणी काढणार नव्हतं, बदलीची भीती नव्हती. पोट होतं, लेकरंबाळं होती, असं काही सांगून मला सुटता येणार नाही. मी नुसता भ्यालो. कशाला, ते आजही नीट सांगता येत नाही.

खरं कारण तुला सांगायची लाज वाटली. म्हणून दुसऱ्या दिवशी तुला सगळ्यांसमोर उभं केलं. पेटीवर सूर दाबला, म्हटलं, म्हण. तू म्हटलास. बरोबर होता. मी म्हणालो, "चूक." दुसरा दाबला. तोही बरोबर. "चूक." तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस. तिसऱ्या वेळी तुझा आवाज कापला आणि सूर खरंच हलला. मी त्याचीच वाट पाहत होतो. मुलींकडे वळून म्हणालो, "बघा, हिला कान न्हाई." तुझ्या जागी दैवशालाला घेतलं. कार्यक्रमात ती पट्टी सोडून गायली. टाळ्या पडल्या.

नजीरभाई विचारायला आले तेव्हा त्यांनाही ऑफिसात हेच सांगितलं. कान नाही, जन्माचं असतं, इलाज नाही.

आणि गेल्या वर्षी तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा वाटलं, तुला सगळं कळलंय आणि तू मला टोमणा मारतेस. दोनदा वाचल्यावर लक्षात आलं की तू खरंच विचारतेस. तरी मी लिहिलं, "कान कमी असला तरी." नंतर तू कोमल गंधार न शिकता ओळखलास, तेव्हा लिहिलं, "वयानं सुधारतो." वीस वर्षांपूर्वीच्या खोट्यावर माझ्या हातानं आणखी दोन रचले, म्हातारपणी, बसल्या जागी, कुणी सांगितलं नसताना.

काल नंदाबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "अन् तुम्ही तिला लय शिकवून राह्यलात?" तेव्हापासून माझ्यासोबत जेवायला बसलेल्या नाहीत.

तू मुलीला म्हणून दाखवायची परवानगी मागितलीस. ती देणारा मी कोण? माफी मागायचा हक्क मला आहे असंही वाटत नाही. फक्त खरं काय झालं ते तुझ्याकडे असावं.

बद्रीनाथ तळेकर


उल्म
२० एप्रिल २०२५

गुरुजी,

पत्र फेब्रुवारी संपता संपता मिळालं. लगेच रमजान लागला. रोज्यात राग धरू नये म्हणतात, म्हणून लिहिलं नाही. ईद होऊन तीन आठवडे झाले. राग आहे तिथेच आहे.

साडेतीनला रेडिओपाशी बसणं मी महिनाभर बंद केलं होतं. फ्राऊ केलरना सांगितलं, ड्युटी बदलली. ते संगीत लागलं की मला ग्रंथालयाची खोली दिसायची. तुम्ही "चूक" म्हणालात तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं, हे तुम्हाला आठवतं. मी का पाहिलं ते सांगते. मला माहीत होतं की सूर बरोबर आहे. तेरा वर्षांच्या मुलीला पक्कं माहीत होतं. मग तुमच्या तोंडाकडे पाहून ठरवलं की मलाच काही माहीत नाही.

माफीबद्दल आज काही लिहीत नाही.

एक काम करा. अब्बा त्या दिवशी शाळेतून घरी आले आणि म्हणाले, "गुरुजी बोल रहे तो सही बोल रहे, बेटा." नंतर घरात त्याचा विषय निघाला नाही. अब्बांना तुम्ही तोंडानं सांगितलं होतं. तोंडानंच परत घ्या. पत्र नको, फोन नको. दुकानात जा.

इरम


भोकरदन
६ मे २०२५

इरम,

काल गेलो. त्याआधी दोनदा निघालो होतो. एकदा देशमुख गल्लीच्या तोंडावरून परतलो, एकदा दुकानासमोरून तसाच पुढे गेलो आणि भाजी घेऊन आलो. नंदाबाईंनी पिशवी पाहिली आणि म्हणाल्या, "वांगी आणायला गेल्ते का तुम्ही?" म्हणून काल चप्पल घातली ती थेट तिथेच जाऊन काढली.

नजीरभाई कापूस पिंजून राह्यले होते. मशीन चालू, कापसाचा धुरळा, त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. एक गिऱ्हाईक होतं, रामकिसन नावाचं, जुन्या गाद्या घेऊन आलेलं. मला बघून नजीरभाई उठले. "गुरुजी! बसा ना. चाय बोलावतो."

मी उभ्यानंच म्हणालो, "नजीरभाई, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

"क्या?" मशीनच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. "जोरसे बोला, गुरुजी."

मी पुन्हा म्हणालो. पुन्हा त्यांनी कानाला हात लावला. मला वाटलं होतं, हळू आवाजात बोलून येईन. तिसऱ्यांदा ओरडून सांगावं लागलं, "इरमला कान न्हाई म्हणालो ते खोटं होतं! ती मुसलमानाची म्हणून मी तिला काढली!" त्याच वेळी त्यांनी मशीन बंद केलं होतं. माझा आवाज शेजारच्या दुकानापर्यंत गेला असणार. रामकिसन गादीवर बसला होता, तो उठून बाहेर गेला.

 नजीरभाई कापसाचे धागे बोटांवरून काढत राहिले. मग म्हणाले, "मला माहीत होतं."

मी रामकिसनच्या जुन्या गादीवर बसलो.

ते म्हणाले, "तुमच्या कार्यक्रमाच्या गाद्या कुणी दिल्या? मीच. अध्यक्षसाहेब ऑर्डर द्यायला आल्ते. इथंच उभे होते. म्हणाले, नजीरभाई, पोरीला मागं घेतलं, वाईट वाटून घेऊ नका, स्तवनाचा मामला आहे, लोक बोलतात. मी म्हणलो, बराबर आहे साहेब. अन् मंग बारा गाद्या शिवल्या त्यांना. बिलकुल टायमावर."

"मंग तुम्ही शाळेत मला विचारायला का आलात?"

"बघायला आल्तो. म्हणलं, गुरुजी काय सांगतेत बघावं. तुम्ही म्हणले, कान न्हाई. मला बरं वाटलं, गुरुजी. खरं सांगतो, बरं वाटलं. घरी जाऊन पोरीला काय सांगायचं ते तुम्ही मला देऊन टाकलं."

चहा आला. दोघांनीही घेतला नाही. शेवटी त्यांनी माझा हात धरला. "इरमला हे सांगू नका. तुमच्यावर ती रागावली तर रागावू द्या. माझ्यावर रागावली तर मी कुठं जाऊ?"

इरम, मी हो म्हणणार होतो. तोंडात आलंही होतं, "बराबर आहे." मग म्हणालो, "नजीरभाई, तिच्यापासून आता माझ्यानं काही लपवणं होणार न्हाई. पण हे मी सांगायचं न्हाई, तुम्ही सांगायचं. मी पत्र लिहून ठेवतो. तुम्ही बोलल्याशिवाय पेटीत टाकत न्हाई." ते माझ्याकडे रागानं बघत राहिले. मी निघालो तेव्हा मशीन पुन्हा चालू झालं होतं.

१९ मे

आज नजीरभाई घरी आले. आत आले नाहीत. फाटकातूनच म्हणाले, "बोललो." आणि गेले. म्हणून हे टाकतो.

बद्रीनाथ


उल्म
१५ जून २०२५

गुरुजी,

अब्बांचा फोन आला तेव्हा मी बसमध्ये होते. त्यांनी आधी मैमूनाच्या शाळेचं सांगितलं, मग उन्हाचं, मग गप्प झाले. मला वाटलं, फोन कटला. मग त्यांनी सांगितलं. मी पुढच्या थांब्यावर उतरले आणि तिथल्या बाकावर बसून ऐकलं.

मी एवढंच विचारलं, "क्यूं, अब्बा?" ते म्हणाले, "तुला रोज त्याच शाळेत जायचं होतं, बेटा. अजून दोन साल. कान न्हाई म्हणलं तर तू गाणं सोडून देशील, एवढंच. दुसरं सांगितलं असतं तर तू कोणत्या तोंडानं गेली असती, कुणाच्या शेजारी बसली असती?" मग अब्बा रडले. मी त्यांना रडताना कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, काही हरकत नाही. खोटं म्हटलं, पण बापाला आणखी काय म्हणणार?

त्यांच्यावर मला रागावता येत नाही. तुमच्यावर येतं. त्यामुळे दोघांचा राग तुमच्या वाट्याला आलाय. तो तुम्ही घ्या, परत करू नका.

तुम्ही दुकानात ओरडलात ते अब्बांनी सांगितलं. आता सगळ्या बाजाराला माहीत झालंय म्हणाले. तुम्हाला काय वाटलं असेल ते मला थोडं समजतं, कारण एकवीस मुलींसमोर मी उभी राहिले होते. एकदा वाटलं, बरं झालं. मग तुम्ही भाजी घेऊन परत गेलात ते आठवलं आणि तेवढं बरं वाटेना. हे दोन्ही खरं आहे म्हणून दोन्ही लिहिते.

मी पुन्हा रेडिओपाशी बसते. फ्राऊ केलरना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, या शहरात एक गायकवृंद आहे, सत्तर माणसांचा, कामधंदा करणाऱ्यांचा. हिवाळ्यात ते रोमँटिक काळातली एक मोठी रचना गाणार आहेत. नवीन लोक घेतात, पण आधी कानाची चाचणी असते. मी नको म्हणाले. त्यांनी माझ्यादेखत फोन लावून नाव दिलं.

चाचणी गेल्या गुरुवारी झाली. एका शाळेच्या रिकाम्या वर्गात. चाचणी घेणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या होत्या. पियानोपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "मी वाजवते ते म्हणा." पहिला सूर दाबला. मला तोंड उघडता येईना. त्यांनी वाट पाहिली. पुन्हा तोच दाबला. मग मी म्हटला. त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवून गेले होते, म्हणून खिडकीकडे बघत म्हटला. नंतर दुसरा, मग तीन-तीन सूर, मग एक अख्खी ओळ. मग त्यांनी खालचे सूर वाजवले आणि मला वरचे एकटीनं धरून ठेवायला सांगितले. वीस मिनिटं चाललं.

निकाल त्यांनी तिथेच सांगितला. मी तो फ्राऊ केलरना सांगितला. अब्बांना सांगितला, अम्मीला, मिस्टरांना, मैमूनाला सांगितला.

तुम्हाला सांगणार नाही, गुरुजी. माझ्या कानाबद्दल तुम्हाला जे जे सांगायचं होतं ते तुमचं सांगून झालं आहे. खोटंही आणि खरंही. आता तो तुमचा विषय नाही.

नंदाबाईकाकूंना माझा सलाम सांगा. त्यांना म्हणावं, त्या तुमच्यासोबत जेवायला बसल्या तरी आता माझी हरकत नाही.

इरम